‘पाणी’ या एका शब्दावरचा लघुपट: निवेदन असायला हवे होते का?

धागाकर्ता: जुन्या वृत्तपटांचे तुकडे जोडून ‘पाणी’ या शब्दाच्या अर्थछटा दाखवणारा दहा मिनिटांचा एक लघुपट नुकताच पाहिला. त्याला निवेदन नाही. पडद्यावर वाक्प्रचार उमटतो आणि मागोमाग चित्र येते. लोहार लालबुंद पाते पाण्यात बुडवतो, वाफ उसळते आणि ‘पाणी देणे’ ही अक्षरे दिसतात. तापलेले पोलाद एकदम निवले की कठीण होते, हे त्या वाक्प्रचारात आधीच मुरलेले आहे. तिथे निवेदक आणणे म्हणजे कोशातली नोंद मोठ्याने वाचून दाखवणे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १: असहमत. आपण सोयीचे उदाहरण निवडले आहे. ‘तोंडचे पाणी पळणे’ याचे चित्र कोणत्या संग्रहात मिळणार? तिथे दिग्दर्शकाने सैरावैरा धावणारी गर्दी जोडली आहे. ती माणसे कोण, कुठली, कशापासून पळत होती, याचा उल्लेखच नाही. कुणाची तरी खरी भीती वाक्प्रचाराच्या दाखल्यापुरती वापरली गेली. सोव्हिएत दिग्दर्शिका एस्फिर शुब यांनी १९२७ मध्ये रशियाच्या रोमानोव्ह राजघराण्याच्या पतनावरचा चित्रपट जुन्याच फितींतून रचला आणि झारच्या पदरी झालेले चित्रण त्याच्याच विरुद्ध साक्षीला उभे केले. फितीला जोडावे तसा अर्थ येतो, म्हणूनच ती मुळात कशाची आहे हे सांगणारा आवाज हवा.

धागाकर्ता: गर्दीबद्दलचा आक्षेप मान्य, स्थळ आणि साल निदान कोपऱ्यात तरी द्यायला हवे होते. मात्र शुब यांचा चित्रपट मूकपट होता. तिथे अर्थ फिरवला तो जोडणीने आणि पडद्यावरच्या अक्षरांनी, म्हणजे या लघुपटाकडे आहेत त्याच साधनांनी.

प्रतिसाद २: दोघांकडूनही ध्वनीचा मुद्दा राहिला. बोलपटांच्या काळातही वृत्तपटांचे पुष्कळ चित्रण आवाजाविना होई आणि आवाज नंतर चढवला जाई. पाते बुडताना ऐकू येणारे ‘चर्र’ मूळचे नसेल, तर तेही एक प्रकारचे निवेदनच झाले, आणि तेही न सांगता केलेले. ‘मोत्याचे पाणी’ दाखवणाऱ्या तुकड्यात मात्र आवाजच नाही. कृष्णधवल फितीत रंग गळून केवळ तकाकी उरते, बोटांत मोती फिरतो तशी ती सरकत जाते. तिथे मला अक्षरेसुद्धा नको होती.