प्रतिसाद: कोनमापकाने चढ मोजण्याविषयी

रेषेचा चढ म्हणजे तिने क्ष-अक्षाशी केलेल्या कोनाचा टॅन (काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले लगतची बाजू), म्हणून आलेखावर कोनमापक लावला की काम झाले, असे एक मत मांडले जाते. पण ते दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखे असेल तेव्हाच खरे ठरते. सोलापुरातल्या मे महिन्यातील एखाद्या दिवसाचे उदाहरण घेऊ. सकाळी 8 वाजता 28 अंश आणि दुपारी 2 वाजता 40 अंश तापमान असेल, तर या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा चढ 12 भागिले 6, म्हणजे ताशी 2 अंश. आता क्ष-अक्षावर 1 सेंमी = 1 तास आणि य-अक्षावर 1 सेंमी = 2 अंश असे प्रमाण घेतले, तर कागदावर रेषा बरोबर 45 अंशांच्या कोनात दिसते; 45 अंशांचा टॅन 1 येतो, चढ मात्र 2 आहे. आलेखाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला लावतात ते उगाच नाही (मुलांना तो निव्वळ एका गुणाचा जाच वाटतो, हे खरे). त्यामुळे चढ काढताना बिंदूंच्या निर्देशकांतील (म्हणजे त्यांच्या क्ष आणि य किमतींतील) फरकांचाच भागाकार करावा, य मधला फरक भागिले क्ष मधला फरक, आणि कोणता बिंदू पहिला धरला याला महत्त्व नाही, फक्त अंशात व छेदात क्रम तोच ठेवावा.