मदत हवी आहे: विद्यापीठ निवडताना क्रमवारीला किती वजन द्यावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला पर्यावरणशास्त्राच्या मास्टर्ससाठी दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालाय. दोन्ही परदेशात, खर्च जवळपास सारखाच. एक जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात, दुसरं चारशेच्या पुढे. महिनाअखेर कळवायचंय आणि घरात रोज हाच विषय. बाबा म्हणतात, "एवढं मोठं नाव स्वतःहून चालून आलंय, ते सोडायचं?" तिचा ओढा दुसरीकडे. मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतेय.

तिला भूजलावर काम करायचंय. नावाजलेल्या ठिकाणी भूजल हा एकच ऐच्छिक विषय आहे आणि त्याच्यापुढे "पुरेसे विद्यार्थी असल्यास" अशी टीप. दुसरीकडे अख्खं एक सत्र फील्डवर्क: विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचे नमुने आणायचे, प्रयोगशाळेत स्वतः तपासायचे. तिथल्या प्राध्यापिकेने तिच्या मेलला सविस्तर उत्तर दिलं, वर तिच्या प्रकल्पातला क्षारांचा एक आकडा कसा काढला तेही विचारलं. पहिल्या ठिकाणाहून आलं ते ठरावीक साच्यातलं उत्तर.

क्रमवारी कशी लावतात हेही वाचून काढलं. जागतिक क्रमवारी काढणाऱ्या क्यूएस या संस्थेने २०२४च्या यादीपासून भारांक बदलले, तरी ३० टक्के गुण प्राध्यापक-संशोधकांच्या सर्वेक्षणाला आणि १५ टक्के नोकरी देणाऱ्यांच्या. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण नावलौकिकाचे. २० टक्के शोधनिबंधांच्या उद्धरणांना. विद्यार्थ्यांमागे शिक्षक किती, याला १० टक्के. आधी २० होते, ते निम्मे केले. शांघायहून निघणाऱ्या जागतिक यादीत तर ३० टक्के गुण नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांचे. वर्गात कसं शिकवतात, प्रबंधाला मार्गदर्शक किती वेळ देतात, हे यातल्या कुठल्याच रकान्यात थेट दिसत नाही.

पण मग नोकरीच्या वेळी नाव अडेल का? चारशे क्रमांकांचा फरक खरंच एवढा मोठा असतो का? ज्यांनी असा निर्णय घेतलाय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

मी विद्यापीठात शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

क्रमांक अख्ख्या विद्यापीठाचा असतो. तुमची बहीण शिकणार एका विभागात. वैद्यकशास्त्राच्या शोधनिबंधांवर वर गेलेल्या विद्यापीठाचा भूजलाचा गट दोन माणसांचा असू शकतो. म्हणून आधी विषयवार यादी उघडा. दुसरं, याद्या करणारेही खालच्या क्रमांकांबद्दल तेवढे ठाम नसतात. टाइम्स हायर एज्युकेशनची जागतिक यादी २००नंतर नेमका क्रमांक न देता गट देते, शांघायची तर १००नंतरच. तिथे १०१ आणि १५० एकाच ओळीत बसतात.

अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण बाबांना जरूर सांगा. २०२२मध्ये तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकांनी, मायकल थॅडियस यांनी, विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेली आकडेवारी तपासून तिच्यावर प्रश्न उभे केले. काही माहिती चुकीची होती हे विद्यापीठाने पुढे मान्य केलं. यूएस न्यूजच्या अमेरिकी विद्यापीठांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून एकदम अठरावर आलं. शिकवणारी माणसं तीच होती, ग्रंथालय तेच होतं.

माझ्या मते मास्टर्सला सगळ्यात महत्त्वाचा असतो तो प्रबंध आणि त्याचा मार्गदर्शक. मागच्या काही वर्षांचे प्रबंध कुठल्या विषयांवर झाले ती यादी मागवा. सध्या शिकणाऱ्या दोघा-तिघांना गाठून एवढंच विचारा: मार्गदर्शक किती दिवसांनी भेटतात आणि मसुदा वाचून परत देतात का. लोक खरं सांगतात. आणि त्या प्राध्यापिका पुढच्या वर्षी तिथे असणार आहेत ना, हे नक्की करून घ्या. एका माणसाच्या भरवशावर विद्यापीठ निवडायचं आणि तोच रजेवर, असं व्हायला नको.

प्रतिसाद २

वरचं सगळं मान्य, पण क्रमवारीला शून्य किंमत देऊ नका. काही दारं तिच्यावरच उघडतात. ब्रिटनने २०२२मध्ये हाय पोटेन्शियल व्हिसा (नामांकित परदेशी विद्यापीठांच्या नव्या पदवीधरांना तिथे काम करू देणारा) सुरू केला तेव्हा अट अशी होती की परदेशी विद्यापीठ तीनपैकी किमान दोन जागतिक याद्यांत पहिल्या ५०मध्ये हवं. नेदरलँड्सही पदवीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना देताना परदेशी विद्यापीठ पहिल्या २००मध्ये आहे का बघतं. शिकून झाल्यावर तिसऱ्याच देशात जायचा विचार असेल तर हे आजच तपासा. काही शिष्यवृत्त्यांच्या अटींतही क्रमांक असतो.

नोकरीचं म्हणाल तर मी पाण्याच्या क्षेत्रात भरतीचं काम बघते. अर्जांचा ढीग असतो तेव्हा ओळखीच्या नावावर नजर थांबते, हे खोटं नाही. पण मुलाखतीत नमुना कसा घेतलास, उपकरण बिघडल्यावर काय केलंस, असे प्रश्न आले की फील्डवर्क केलेली मुलं लगेच कळतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. विषयवार यादी बघितली, दोघांतलं अंतर बरंच कमी झालं. कोलंबियाची गोष्ट बाबांनी दोनदा वाचायला लावली. तिला दुसऱ्या देशात जायचं नाही, त्यामुळे व्हिसाचा मुद्दा तूर्त बाजूला. प्रबंधांची यादी मागवलीय.

एक अडचण आहे. "तुम्ही पुढच्या वर्षी असणार का?" असं प्राध्यापिकेला थेट विचारलेलं उद्धटपणाचं दिसेल का? बहीण फार संकोचतेय.

प्रतिसाद १

अजिबात नाही, आम्हाला असे मेल येतात. सरळ लिहायला सांगा: "मला तुमच्या मार्गदर्शनाखाली भूजलावर प्रबंध करायची इच्छा आहे. पुढच्या वर्षी आपण नवे विद्यार्थी घेणार आहात का, आणि घेणार नसल्यास विभागात या विषयावर आणखी कोण काम करतं?" दुसरा प्रश्न गाळू नका. आणखी दोन नावं आली, तर माझ्या मते निर्धास्तपणे तिथे जाऊ द्या.