मदत हवी आहे : औषधासाठी टॉवेलात धरले की २० वर्षांचा करडा पोपट पुन्हा परका होतो

नमस्कार. पाच महिन्यांपूर्वी आमच्या घरी एक आफ्रिकन ग्रे, म्हणजे करडा पोपट, राहायला आला आहे. त्याचे नाव मोरू. (पोपटाला मोराचे नाव कोणी आणि का ठेवले, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.) त्याच्या पायातल्या वळ्यावर ०५ असा आकडा कोरलेला आहे, त्यावरून त्याचा जन्म २००५ सालचा असावा. माझा प्रश्न आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढचे पुराण वाचायला वेळ नाही त्यांनाही उत्तर देता येईल. ज्या पक्ष्याला दिवसातून दोनदा औषध पाजावेच लागते आणि दर तिसऱ्या दिवशी पायाची पट्टी बदलावीच लागते, त्याचा विश्वास मिळवायचा तरी कसा?

मोरू आमच्याच सोसायटीतल्या एका निवृत्त काकांकडे १८ वर्षे होता. काका गेल्यावर त्यांच्या मुलीने तो नात्यातल्या एका कुटुंबाकडे दिला. तिथे लहान मूल होते, मोरूने त्याच्या बोटाला कडकडून चावा घेतला आणि त्यानंतरचे आठ महिने त्याचा पिंजरा मागच्या बाल्कनीत, बराच वेळ चादरीखाली, राहिला. त्या कुटुंबाला मी दोष देत नाही, कारण घरात रांगते मूल असताना मीही कदाचित तेच केले असते. मात्र तो आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या छातीवर आणि मांड्यांवर पिसे जवळजवळ नव्हतीच, मधली करडी लव तेवढी दिसत होती, आणि डोक्यावरची पिसे मात्र शाबूत होती, म्हणजे जिथवर स्वतःची चोच पोहोचते तिथवरची सगळी त्याने उपटून टाकली होती.

कायद्याचा प्रश्न कोणीतरी विचारेलच, म्हणून तोही संपवते. परदेशी प्राण्यांची माहिती स्वतःहून देण्याची जी मुभा केंद्र सरकारने २०२० मध्ये दिली होती, तिच्यात काकांनी मोरूची नोंद केली होती आणि तो कागद आमच्याकडे आहे. करडा पोपट साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार आम्ही केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर आमच्या नावाने अर्जही केला आहे. देशी हिरवा पोपट असता तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो घरात ठेवताच आला नसता, हे आम्हांला ठाऊक आहे, तेव्हा धागा कृपया त्या चर्चेकडे वळवू नये.

आता तब्येत. काकांचे त्याच्यावर जिवापाड प्रेम होते, पण खाणे म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, अधूनमधून हिरवी मिरची आणि दुपारी चारला चहात बुडवलेले बिस्कीट. सूर्यफुलाच्या बियांत स्निग्धांश भरपूर, पण कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व नगण्य, आणि नेमकी या जातीच्या पोपटांत रक्तातले कॅल्शियम घसरण्याची खोड असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आमच्याकडे आल्यानंतर नवव्या रात्री धप्प असा आवाज आला म्हणून दिवा लावला, तर मोरू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला, पंख अर्धवट पसरलेले आणि पाय थरथरत असलेले. मिनिटभराने तो स्वतःच उठला आणि जणू काही झालेच नाही अशा थाटात चोचीने जाळी धरत वर चढला, पण त्या रात्री आम्ही कोणी झोपलो नाही.

पहिल्यांदा ज्यांच्याकडे नेले ते डॉक्टर प्रामुख्याने कुत्र्यामांजरांचे होते. त्यांनी तपासण्याआधी नखे कापायला घेतली, एका नखातून रक्त आले, आणि सहायकाने त्याला छातीभोवती मूठ आवळून धरले होते. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा स्नायू) नसते, छाती पुढेमागे हलली तरच त्यांना श्वास घेता येतो, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले आणि माझ्या अंगावर काटा आला. हे दुसरे डॉक्टर केवळ पक्षी आणि इतर लहान प्राणी पाहतात. त्यांनी मोरूच्या तोंडातल्या टाळूवरचे बारीक काटे बोथट झालेले मला टॉर्चच्या उजेडात दाखवले (ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाची खूण), रक्त तपासले, कॅल्शियम बरेच कमी निघाले. चोच आणि पिसांच्या विषाणूजन्य रोगाची आणि सिटॅकोसिसची (पोपटांपासून माणसालाही होऊ शकणाऱ्या जिवाणूजन्य आजाराची) चाचणी सुदैवाने नकारात्मक आली. डाव्या तळव्याला मात्र जखम आहे. वर्षानुवर्षे एकाच जाडीच्या गुळगुळीत दांडीवर बसल्याने तळव्याच्या एकाच जागी भार येऊन ती होते. आल्या दिवशी त्याचे वजन ३७८ ग्रॅम होते, आज ३९६ आहे.

औषधे अशी आहेत : कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे पातळ औषध सकाळ-संध्याकाळ, पायाच्या सुजेसाठी वेदनाशामकाचे थेंब, आणि तळव्याची मलमपट्टी दर तिसऱ्या दिवशी. पिंजऱ्यातली दांडी काढून पेरूच्या लहानमोठ्या जाडीच्या फांद्या बसवल्या आहेत. काचेतून येणाऱ्या उन्हाचा ‘ड’ जीवनसत्त्वासाठी उपयोग नसतो, म्हणून सकाळी अर्धा तास पिंजरा उघड्या गच्चीत, अर्धा भाग सावलीत ठेवून, ठेवतो. उदबत्ती, डासांची कॉइल आणि निर्लेप तवा घरातून हद्दपार केला आहे, कारण तापलेल्या निर्लेप भांड्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो. सासूबाईंनी देवापुढची उदबत्ती सोडली, हा त्याग त्या मला दिवसातून एकदा ऐकवतात.

खाण्याचा बदल सावकाश चालला आहे. शेवग्याचा पाला तो खातो, लाल भोपळा चोचीत धरून फेकतो, आणि पेलेटच्या (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या गोळीखाद्याच्या) वाटीकडे आपला अपमान झाल्यासारखा बघतो. एकदम बिया बंद केल्या तर तो उपाशी राहील, म्हणून रोज सकाळी वजन करूनच बियांचे प्रमाण कमी करत आहोत.

माझी खरी अडचण पुढे आहे. पहिल्या दोन महिन्यांत मी फक्त पिंजऱ्याशेजारी बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असे. हळूहळू तो माझ्या बाजूच्या फांदीवर येऊ लागला, मग जाळीतून बदाम घेऊ लागला, आणि एका दुपारी त्याने मान खाली घालून मानेवरची पिसे फुगवली, म्हणजे खाजवायला सांगितले. मी एका बोटाने खाजवले. त्याच संध्याकाळी औषधासाठी मला त्याला टॉवेलात धरावे लागले. त्यानंतरचे नऊ दिवस तो माझ्या हाताला बघून पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन गुरगुरत होता. (करड्या पोपटाचे गुरगुरणे ज्यांनी ऐकले आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल.) हे चक्र आतापर्यंत चार वेळा झाले. माझ्या उजव्या अंगठ्यावर दोन टाक्यांची खूण आहे.

आणि तो हुशार आहे, हे अधिकच अवघड. टॉवेल ज्या कपाटात असतो त्याचे दार करकरते. आता सकाळी आठ वाजता, मी खुर्चीवरून उठण्याच्याही आधी, मोरू स्वतःच तो करकर आवाज हुबेहूब काढतो आणि कोपऱ्यात सरकतो. दुपारी चारला काकांच्या आवाजात खोकून तो “चहा झाला का गं?” असे विचारतो. पहिल्यांदा ते ऐकून सासूबाई मट्‌कन खाली बसल्या होत्या.

औषध पाण्यात घालून पाहिले, तर त्याने पाणी पिणेच कमी केले. पपईच्या फोडीत घातले, तर फोड टाकून दिली. एकाने पकडायचे काम करावे आणि दुसऱ्याने मैत्रीचे, असा सल्ला मिळाला, म्हणून यजमानांनी पकडायला सुरुवात केली. आता तो त्यांना पाहिले तरी किंचाळतो आणि मला मात्र माफ केलेले नाही. वयाने मोठ्या, आधी दोन घरे पाहिलेल्या पक्ष्याला ज्यांनी अशा आजारातून काढले आहे त्यांनी कृपया सांगावे : औषधांचे आणखी सहा आठवडे संपेपर्यंत मैत्रीचा नाद सोडून द्यावा, की दोन्ही एकत्र चालू शकते? आणि त्याला हातावर घेण्याचा आग्रह धरावा का?

पहिला प्रतिसाद

ताई, तुमचे निम्मे काम झालेले आहे, कारण तुम्ही रोज वजन करता. माझ्याकडे १४ वर्षांची एक करडी मादी दुसऱ्या घरातून आली होती आणि तिला बुरशीच्या संसर्गासाठी चार महिने औषध द्यावे लागले, त्यावरून लिहितो.

औषध टॉवेलातच द्यायचे, हे गृहीत धरू नका. एक सुई नसलेली सिरिंज वेगळी ठेवा आणि तिच्यात औषध अजिबात न भरता पपईचा किंवा सफरचंदाचा पातळ गर भरा. पहिले काही दिवस ती फक्त जाळीबाहेर धरा, टोकाला एक थेंब दिसू द्या. तो चाखेल, मग टोक चावेल, मग दट्ट्या दाबल्यावर गिळू लागेल. असे दिवसातून पाच-सहा वेळा करा, आणि पुढे त्यातल्या दोनच वेळी गरात औषध मिसळा. मिसळण्याआधी ते औषध फळाबरोबर चालते का, हे डॉक्टरांना विचारा. सूर्यफुलाच्या बिया वाटीतून पूर्ण काढता आल्या की त्या फक्त बक्षीस म्हणून हातातून द्या. जी बी वाटीत आयती मिळते तिची किंमत कोणता पोपट करील?

पट्टी बदलताना धरावे लागेलच. पण टॉवेल कपाटातून काढा. तो पिंजऱ्याजवळच्या खुर्चीवर कायम पडू द्या, त्यावर बदाम ठेवा, त्याच्या घडीत खेळणे लपवा. धरताना डोके जबड्याच्या दोन्ही बाजूंनी, छाती मोकळी, आणि दोन मिनिटांत काम संपवायचे. सगळे साहित्य आधी मांडून ठेवा. आमच्याकडे निम्मा वेळ कात्री शोधण्यात जात असे, आणि तेवढा वेळ बिचारी टॉवेलात.

हातावर घेण्याचा आग्रह अजिबात धरू नका. त्याला एका आखूड काठीवर चढायला शिकवा. त्याच्या दृष्टीने हात ही पकडणारी वस्तू आहे. डोळ्यांची बाहुली भराभर लहानमोठी होऊ लागली आणि मानेची पिसे ताठ झाली, तर काठीसुद्धा मागे घ्या. चावा घेण्याची गरज पडली नाही, तर तो चावत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त एक भर घालते. पट्टीचे अंतर वाढवता येईल का आणि एखादे औषध आठवड्याच्या इंजेक्शनाने देता येईल का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पकडण्याची वेळ एकाने कमी झाली तरी मोठा फरक पडतो. पिसांची घाई करू नये. मुळे कायमची दुखावली असतील तर काही पिसे परत येतच नाहीत, आणि तरीही पक्षी सुखात राहू शकतो. पालक जास्त देत असाल तर कमी करा, त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम शोषले जात नाही. शेवगा उत्तम.

मूळ लेखिकेचे उत्तर (२३ दिवसांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. वेदनाशामक बंद झाले आहे आणि पट्टी आता दर सहाव्या दिवशी बदलायची आहे. इंजेक्शनाची गरज नाही, असे डॉक्टर म्हणाले, कारण मोरू सिरिंजमधून गर घेऊ लागला आहे, हे मी त्यांना चित्रफितीत दाखवले. पहिले सहा दिवस त्याने टोकाकडे ढुंकून पाहिले नाही. सातव्या दिवशी मी कंटाळून ती सिरिंज स्वतःच्याच तोंडात रिकामी केली, तेव्हा तो तरातरा खाली उतरून जाळीशी आला. आपल्याला न देता कोणी काही खाते, हे त्याला सहन होत नाही, हा काकांच्या बिस्किटाचा संस्कार असणार. आता कॅल्शियम तो पपईच्या गरातून घेतो, दहापैकी आठ वेळा. उरलेल्या दोन वेळा ते माझ्या चष्म्यावर येते.

टॉवेल खुर्चीवर असतो. काठीवर त्याने एक पाय ठेवला आहे, दुखरा नव्हे, उजवा. आज सकाळचे वजन ४०७ ग्रॅम. यजमानांना पाहून तो अजून किंचाळतो, त्याबद्दल कोणाला काही सुचत असल्यास जरूर लिहावे, कारण पट्टी अजूनही तेच बदलतात. कपाट उघडायची आता वेळच येत नाही, तरी आठ वाजता करकर होतेच, फक्त हल्ली ती काढून मोरू कोपऱ्यात न जाता सिरिंजच्या बाजूच्या फांदीवर येऊन बसतो.