जर्बिल डोळा मारतो तेव्हा नक्की काय म्हणतो?

नाना_न्यूजर्सीकर: लेकीच्या हट्टापायी दिवाळीत दोन जर्बिल (उंदरासारखे छोटे प्राणी) आणले, सख्खे भाऊ. नावं लाडू आणि चिवडा. दोन महिने निरखून माझं मत झालंय की यांची भाषा सहज कळते. सूर्यफुलाची बी दिली की लाडू एक डोळा मिटतो, म्हणजे थँक्यू. मागचे पाय धडधड आपटले की राग. चिवडा काचेचा कोपरा तासन् तास उकरतो, म्हणजे बाहेर सोडा. हल्ली हातात घेतला की अगदी निश्चल बसतो, विश्वास बसलाय. तुमचे अनुभव?

खवचट_खार: नाना, पाय आपटणं म्हणजे राग नव्हे. मंगोलियाच्या माळावर धोका जाणवला की एक आपटतो, बाकीचे बिळात. तुमच्याकडे मिक्सर लागला की आपटतो का बघा. नर माजावर आला तरी आपटतो. एका खुणेचे दोन अर्थ, तुम्ही तिसराच काढलात.

नाना_न्यूजर्सीकर: मिक्सरचं खरंय, चटणी वाटताना हमखास. पण घाबरला हे तरी कळलंच ना?

मिरजेची_माई: मी नानांच्या बाजूने. आमच्या आजीला गाईचा कान हलला तरी तिचं दुखणं कळायचं. तिने कुठे शोधनिबंध वाचले होते? सोडा हो त्याला खोलीभर.

खवचट_खार: माई, गाय हजारो वर्षं आपल्या दारात आहे. जर्बिल १९३५ मध्ये पकडून जपानला नेले, अमेरिकेत आले १९५४ ला. ओळख अजून कच्ची आहे. आणि कोपरा उकरणं म्हणजे 'बाहेर सोड' नाही. १९९७ मध्ये एक प्रयोग छापून आला होता. पिल्लांना उकरायला भरपूर वाळू दिली तरी ही सवय लागलीच. तयार बोगदा आणि त्याच्या टोकाला अंधारी खोली मिळालेल्यांना मात्र लागली नाही. त्यांना खोदायचं नसतं, बीळ हवं असतं! खोलीभर पळवून काय होणार?

माई: मग बोगदा द्या. पण काहीतरी मागतोय हे नानांनी ओळखलं की नाही?

होऊ_घातलेली_व्हेट: भांडण बाजूला ठेवून दोन प्रश्न. चिवडा निश्चल बसतो तेव्हा कान मागे चिकटतात का, मिशा थरथरतात का? हाताळल्यावर किंवा नव्या जागी जर्बिलांना झटके येतात. बहुतेक मिनिट-दोन मिनिटांत ओसरतात, पण त्याला विश्वास म्हणू नका. दुसरं, लाडू कुठला डोळा मिटतो? काही जर्बिल खरंच डोळे मिचकावतात, पण नेहमी एकच असेल तर डोळ्यात त्रास असू शकतो. देवदाराचा भुसा घातला असेल तर आधी काढा. (आणि उचलताना शेपटी धरू नका, कातडी निघून येते.)

नाना_न्यूजर्सीकर: आत्ता टॉर्च लावून पाहिलं. उजवाच. बी न देतासुद्धा. कडेला लालसर खरपुडी आहे. भुसा काढला, सकाळी डॉक्टरांना फोन करतो. चिवड्याच्या मिशांकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

खवचट_खार: थँक्यू म्हणे!

माई: दोन महिने रोज बघत होते म्हणूनच 'उजवाच' सांगता आलं. माझं मत आहे तेच आहे.