मदत हवी आहे: बाबांच्या फिल्म कॅमेऱ्यात डिजिटल सेन्सर बसवायचाय

नमस्कार मंडळी, बाबांचा पेंटॅक्स के १००० आहे, शटर अजून एकदम खणखणीत चालतं, ५० एमएमची लेन्सपण स्वच्छ आहे. मला तो कपाटात शोभेला ठेवायचा नाहीये, रोज वापरायचाय, म्हणून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा एचक्यू कॅमेरा मॉड्यूल मागच्या बाजूने फिल्मच्या जागी बसवायचा विचार चाललाय.

पहिली अडचण म्हणजे साइझ. फिल्मची फ्रेम ३६ बाय २४ मिमी आणि हा सेन्सर जेमतेम ६.३ बाय ४.७, म्हणजे क्रॉप (लेन्सच्या चित्राचा फक्त मधला तुकडा मिळणं) साडेपाच पटीच्या आसपास, ५० ची लेन्स २७५ च्या टेलिफोटोसारखी वागणार, सगळं फार जवळ दिसणार, मग घरात माणसांचे फोटो काढायचे कसे? फोकल रिड्यूसर (चित्र लहान करून छोट्या सेन्सरवर आणणारी जादा भिंगं) घालायला आत जागाच नाही, मध्ये आरसा आणि शटरचे पडदे. मोठा सेन्सर घ्यावा तर त्याच्यावरची काच पुढे येते आणि सेन्सर बरोब्बर फिल्मच्या पातळीवर बसत नाही, थोडासा जरी मागे राहिला तरी व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प दिसलेलं फोटोत ब्लर येणार.

दुसरं, शटर उघडलंय हे सेन्सरला कळवायचं कसं? हॉट शूचा (कॅमेऱ्यावरच्या फ्लॅश बसवायच्या खाचेचा) काँटॅक्ट ट्रिगर म्हणून वापरता येईल असं वाटतंय, की सरळ बी मोडवर (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडं राहतं तो) शटर उघडं धरून एक्सपोजर सेन्सरवरच सोडावं? कुणी प्रत्यक्ष केलंय का हे?

एकच अट, बॉडीला भोक पाडायचं नाही, उद्या परत फिल्म घालता आली पाहिजे.