मदत हवी आहे: पाळीआधीचा आठवडा, डॉक्टर कोणते गाठावेत?

नमस्कार. वय 34, नाशिकला एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते. मुलगी सहा वर्षांची.

मागच्या महिन्यात रिटर्नसाठी पगाराच्या स्लिपा काढून बसले होते. वर्षात 11 दिवस बिनपगारी. आकडे दिसले की ताळा करून बघायचाच, हा आमच्या धंद्याचा रोग, म्हणून त्या तारखा कॅलेंडरवरच्या पाळीच्या खुणांशी लावून पाहिल्या. 11 पैकी 9 रजा पाळी यायच्या आधीच्या आठवड्यातल्या!

कंबरदुखी मी काढते. पण त्या आठवड्यात मी मीच राहत नाही. डब्याचं झाकण बसेना म्हणून ओट्याशी उभी राहून रडले आहे. नवऱ्याशी वेगळं व्हायच्या गोष्टी दोनदा बोलून झाल्या. जीएसटीची 20 तारीख त्यातच आली तर एकेक एंट्री तीनदा तपासते, तरी चुकते. पाळी आली की दोन दिवसांत सगळं निवळतं, आणि मग माफ्या मागत फिरायचं.

तीन वर्षांत फॅमिली डॉक्टर, पोटाचे डॉक्टर, सोनोग्राफी, थायरॉइड दोनदा, बी-12. साधारण 28 हजार गेले, रिपोर्ट नॉर्मल. पाळीची तारीख फक्त सोनोग्राफीच्या काउंटरवरच्या मुलीने विचारली, तीही फॉर्म भरायला. सासूबाई म्हणतात, दुसरं झालं की जाईल.

आता गायनॅककडे जाऊ की सायकियाट्रिस्टकडे? विम्यातून काही मिळतं का? आणि ऑफिसात साहेबांना काय सांगू?

गवतीचहा:
अगं, माझंही असंच होतं, निदान व्हायला चार वर्षं गेली. याला पीएमडीडी म्हणतात, म्हणजे पाळीआधी मन पार बिघडवणारा आजार. 2013 साली डीएसएम-5 मध्ये, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या मानसिक आजारांच्या यादीत, तो स्वतंत्र आजार म्हणून आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, तो स्त्रीरोगांत आहे आणि नैराश्याच्या आजारांतही दाखवलाय. त्यामुळे दोन्ही दारं बरोबर, जो डॉक्टर तारखा विचारेल तो आपला.

पण आधी वही घाल. रक्तात हा सापडत नाही. लागोपाठ दोन पाळ्या, रोज रात्री, त्या दिवशीचा त्रास त्याच दिवशी लिहायचा. आठवून लिहिलेलं फसवतं. पाळीनंतरचा आठवडा खरंच चांगला जातो का ते नीट बघ. तोही वाईट असेल तर मूळ दुखणं वेगळं असून पाळीआधी फक्त बळावत असेल.

मला नैराश्यावरचीच गोळी दिली, पण पाळीआधीचे 14 दिवसच. या आजारात ती लवकर लागू पडते. काहींना गर्भनिरोधक गोळ्या देतात. मायग्रेन असेल तर आधी सांग. मेडिकलमधून परस्पर काही आणू नकोस. जीव नकोसा वाटला तर पाळी यायची वाट बघत बसू नकोस, 14416 ला फोन लाव. टेली मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे.

तिसरीघंटा:
विम्याचं सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा लागतो. पण बहुतेक पॉलिसींत ओपीडी, म्हणजे दाखल न होता केलेला खर्च, धरतच नाहीत, मग कायदा असून तुमचे 28 हजार तुमचेच. ऑफिसचं म्हणाल तर बिहारमध्ये सरकारी नोकरीतल्या बायकांना 1992 पासून महिन्याला दोन दिवस रजा आहे, पण ती पाळीतली. ताई, तुमचे दिवस आधीचे. साहेबांकडे रजा मागण्यापेक्षा त्या आठवड्यात तुमच्या एंट्र्या दुसऱ्या कुणी तपासाव्यात एवढंच मागून बघा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. एंट्र्यांचं जमेल, शेजारच्या टेबलावरची मैत्रीण तयार आहे. वही कालपासून सुरू केली. नवऱ्याने वेगळा रकाना मागितलाय, त्याला मी कशी दिसते ते लिहायला. देऊ का? की डॉक्टर फक्त माझंच धरतील?