बंद केबिनमध्ये पेंढा भरलेले प्राणी हिवाळाभर ठेवावेत का?

तळ्याकाठी: उत्तर मिनेसोटातली केबिन ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत बंद असते, वीज, पाणी, हीटर काहीच चालू नसतं. आत हरणाचं छातीपर्यंतचं मुंडकं, खऱ्या कातडीचा वॉलआय मासा आणि मॅलार्ड बदकांची जोडी आहे. यंदा उघडल्यावर हरणाच्या नाकावर पांढरट बुरशी आणि कानाच्या मुळाशी बारीक चीर दिसली. दर वर्षी सगळं घरी आणावं का?

ओलकोरडं: हरीण तिथेच राहू द्या. उणे ३० अंशांत त्याला काही होत नाही, नुकसान होतं ते मे महिन्यात. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असलेल्या हवेतलं बाष्प १२ अंशांखालच्या वस्तूवर दव होऊन बसतं. मुंडकं अजून ५ अंशांवर असताना खिडक्या उघडल्या, की नाकावर आणि काचेच्या डोळ्यांवर थेंब धरतात. म्हणून दारं-खिडक्या लावून आधी लाकडाच्या शेगडीवर खोली हळूहळू तापवा, वारा मग. चिमणी नसलेला प्रोपेन हीटर अजिबात नको! एक किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन खोलीत येतं.

चिरेचं कारण वेगळं. कातडी दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आतला फोमचा साचा मात्र हलत नाही. ताण कानाच्या मुळाशी आणि शिवणीवर येतो. शेगडीच्या वर टांगलं असेल तर आजच काढा. आतल्या भिंतीवर, स्टडमध्ये (भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबात) स्क्रू मारून, मागे २-३ सेंटिमीटर फट ठेवून लावा.

कसरवैरी: झाकायला सुती चादर, पॉलिथीनमध्ये ओल कोंडते. केबिनच्या थंडीने कसर (पिसं-कातडी खाणारी कीड) मरेल असं धरू नका, हळूहळू वाढणाऱ्या थंडीला अळ्या सरावतात. बदकं पिशवीत हवाबंद करून उणे २० च्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, म्हणजे दव पिशवीवर पडेल, पिसांवर नाही. उंदरांना ६ मिलिमीटरची फट पुरते. पाइपांभोवती स्टील वूल कोंबा.

मासा घरी न्या. त्याचे पर पातळ असतात, आधी तेच तडकतात, मग रंगाचे पोपडे सुटतात. तळ्याकाठी मासा हवाच असेल तर फायबरग्लासची प्रतिकृती लावा.

तळ्याकाठी: आणि आत्ताची बुरशी?

ओलकोरडं: ओली पुसू नका, नाकाच्या छिद्रांत पसरते. पूर्ण वाळू द्या, मग मास्क लावून बाहेर मऊ ब्रशने झटका. नाकाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावण्याआधी खालच्या कोपऱ्यात कापसाच्या काडीने लावून बघा, वरचा रंग सुटू शकतो. मुंडकं १९८० च्या आधीचं असेल तर आर्सेनिक आहे असं समजून हातमोजे घाला. चीर एवढ्यात बुजवू नका. खोलीतली आर्द्रता तीन-चार आठवडे ५० टक्क्यांच्या आसपास टिकली, की इपॉक्सी पुटी भरा. आत्ता भराल तर कातडी आक्रसून शेजारीच नवी चीर पडेल.